चिलटांची राखण

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सान ब्लास गावात संध्याकाळी समुद्रावर निवांत बसायची सोय नाही. ऊन उतरले की खारफुटीतून ‘हेहेन’ निघतात. आपल्याकडच्या चिलटांएवढाच जीव, दिसतो न दिसतो. पण चावला की माणूस खाजवून बेजार. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात त्यांना जास्तच चेव येतो, असे गावकरी सांगतात. या गावाचे गावपण अजून शिल्लक आहे, त्याचे निम्मे श्रेय या चिलटांना द्यायला हवे.

शेजार पाहा म्हणजे पटेल. दीडेकशे किलोमीटर दक्षिणेला पुएर्तो वायार्ता आहे. १९६३ साली हॉलीवूडवाले ‘द नाइट ऑफ द इग्वाना’च्या चित्रीकरणासाठी तिथे उतरले, मागोमाग वार्ताहर आले आणि हॉटेलांची रांग लागली. तिथे जागा महागली तशी मंडळी वर सरकली, सायुलिता गाव भरले. आता त्याहून वरचे, स्वस्त, ‘अजून कुणाला न सापडलेले’ गाव शोधणे सुरू आहे.

न सापडलेले! १७६८ मध्ये स्पेनने आपला आरमारी तळ याच सान ब्लासला थाटला. कॅलिफोर्नियातल्या वसाहतींना रसद इथून जाई. १७७५ मध्ये स्पॅनिश आरमारी अधिकारी बोदेगा इ क्वाद्रा इथूनच शीड उभारून अलास्कापर्यंत गेला. व्हँकुव्हर बेटावरच्या नूटकाला १७८९ मध्ये स्पॅनिश ठाणे उभे राहिले, तेही इथल्याच जहाजांच्या जोरावर. पुढे बंदर गाळाने भरले आणि जग गावाला विसरले. अमेरिकन कवी लाँगफेलोने १८८२ मध्ये आपली शेवटची कविता सान ब्लासच्या घंटांवर लिहिली, तीसुद्धा गावात पाऊल न टाकता. ज्या कॅनडाच्या किनाऱ्याचे नकाशे इथल्या खलाशांनी काढले, तिथलेच पेन्शनर आता अमेरिकनांच्या जोडीने हिवाळा काढायला या बाजूला येतात.

या म्हाताऱ्यांवर राग काढण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या पेन्शनमध्ये तिथले भाडे निघत नाही म्हणून ते येतात. शिवाय ‘मेडिकेअर’ हा तिथला सरकारी आरोग्यविमा मेक्सिकोत सहसा चालत नाही, ही जोखीम पत्करून येतात. ओढगस्तीने आलेल्याला परदेशी धनदांडगा म्हणणे बरोबर नव्हे. पण त्याचे पेन्शन डॉलरात आणि होडीवाल्याची कमाई पेसोत, तेव्हा घरमालक कुणाकडे पाहून भाडे ठरवणार, हे सांगायला नको.

खरा सवाल मेक्सिकोच्या सरकारला आहे. बाहेरून वसायला आलेल्यांनीच १८३६ मध्ये टेक्सास तोडले, हा चटका मेक्सिको विसरलेला नाही. म्हणून १९१७ च्या घटनेच्या २७ व्या कलमाने किनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी नाकारली. वाचायला बाणेदार. व्यवहारात मात्र ‘फिदेइकोमिसो’ आहे: जमीन कागदावर बँकेच्या नावे, बाकी राहणे, भाड्याने देणे, विकणे, वारसाला ठेवणे सारे परदेशी माणसाच्या हाती. मुदत ५० वर्षे, वर नूतनीकरण. आपण ज्याला बेनामी म्हणतो, त्यालाच तिथे बँकेचा शिक्का आहे. त्यात १९९२ मध्ये हेच कलम बदलून ‘एहिदो’ म्हणजे गावसमूहाच्या सामाईक जमिनी विकायची वाट मोकळी केली. २०१३ मध्ये घरांपुरती ही बंदी सरळ उठवण्याची दुरुस्ती कनिष्ठ सभागृहात मंजूर झाली, पण सिनेटमध्ये अडकली. अभिमानही शाबूत, विक्रीही चालू!

हे ढोंग आहे. परदेशी पैसा हवा असेल तर बंदी उघडपणे काढावी आणि घरपट्टीपासून भाड्यापर्यंत स्थानिकांसाठी वेगळे नियम करावेत. नको असेल तर बँकेचे मागचे दार बंद करावे. दोन्ही होत नाही, तोवर पहाऱ्यावर चिलटेच.

टेक्सास-कॅलिफोर्नियात निवृत्तीला आलेली मराठी मंडळीही हल्ली मेक्सिकोचे भाव विचारू लागली असतील. त्यांना एकच सांगणे: दलाल भर दुपारी घर दाखवायला नेईल. तुम्ही सूर्यास्ताला जा, आणि अर्ध्या चड्डीत जा.