लाल रंगाची भूल

चैत्र-वैशाखात चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या आठवडी बाजारांत वाळल्या मिरचीचे ढीग लागतात. वर्षाचे तिखट करून ठेवण्याचा हा हंगाम. परंतु पगारदारांच्या घरांतून ही रीत झपाट्याने मागे पडत आहे. गच्ची नाही, वेळ नाही आणि दुकानात पुडी मिळते, ही कारणे खोटी नाहीत. मात्र सोयीच्या बदल्यात पारख करण्याचा हक्क आपण दुकानदाराच्या स्वाधीन केला, याची जाणीव फारशी कोणाला दिसत नाही.

तिखट जितके लाल तितके चांगले, ही समजूतच मुळात चुकीची आहे. मिरचीचा रंग सालीत असतो; तिखटपणा प्रामुख्याने आतल्या पांढऱ्या शिरांत, ज्यांना बिया चिकटलेल्या असतात त्यांत. या दोन गुणांचा परस्परांशी संबंध नाही. कर्नाटकातील ब्याडगी गडद रंगाची, पण सौम्य, गुंटूरची झणझणीत. नागपूरहून नागभीडकडे येताना वाटेवर लागणाऱ्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. जाणती गृहिणी तिखट मिरचीत थोडी रंगाची मिरची मिसळून आपले प्रमाण ठरवीत असे. तयार पुडीत हे प्रमाण दुसराच कोणी ठरवितो, आणि गिऱ्हाईक रंगाला भुलते हे त्याला ठाऊक असते.

या भुलीची किंमत जगाने मोजली आहे. 2005 साली ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. एका सॉसमध्ये वापरलेल्या तिखटात सुदान हा निषिद्ध रंग आढळला होता. तिखट पाण्यात टाकून पाहण्याची घरगुती परीक्षा येथे उपयोगी पडत नाही. पाण्यात विरघळणारा रंग किंवा विटकरीची पूड त्यातून कळेल. परंतु सुदान तेलात विरघळतो, पाण्यात नव्हे. प्रयोगशाळा हाताशी नसलेल्या माणसाने अख्खी मिरची घ्यावी, हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

तीही डोळे उघडे ठेवून. देठ शाबूत असावा, हलविताच बिया वाजाव्यात, मोडताना कडकन् तुटावी. हाताला मऊ लागणारी मिरची ओलसर असते, आणि तो ओलावा वजनासाठी पाणी मारल्याचाही असू शकतो. चार-दोन मिरच्या फोडून आत पाहावे. वरून तुकतुकीत दिसणाऱ्या मिरचीच्या पोटात बुरशी सापडते. ही बुरशी विषारी असू शकते आणि कांडल्यावर ती दिसत नाही. जमिनीवर पसरून वाळविलेल्या मालात हा धोका अधिक.

साठवणुकीचा प्रश्न या जिल्ह्यांत केवळ हौसेचा नाही. पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट वर्षानुवर्षे बंद पडत आली आहे. तेथील शिक्षकाच्या घरी पावसाळ्याचे तिखट मृगापूर्वीच डब्यात असावे लागते. मिरचीला कडक ऊन द्यावे, पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी आणि चमचा कोरडा ठेवावा. काचेची बरणी उजेडात शोभते खरी, पण उजेडाने रंग उडतो. सगळी मिरची एकदम न कांडता दोन-तीन महिन्यांपुरतीच कांडावी. अख्खी अधिक टिकते.

चांगली मिरची येते कोठून? गोदावरीपलीकडे तेलंगणात तोडणीसाठी दर उन्हाळ्याच्या तोंडावर याच दोन जिल्ह्यांतील हजारो मजूर, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, जातात. मार्च 2020 च्या टाळेबंदीत ते तेथे अडकले आणि कित्येकांनी रानावनातून पायी गावे गाठली, तेव्हा कोठे शहरांना त्यांची आठवण झाली. पुष्कळदा हे मजूर परतताना स्वतः निवडलेली मिरची बरोबर आणतात. म्हणजे जिल्ह्यातली पारखलेली मिरची त्यांच्या झोपडीत आणि जिल्हा कचेरीतल्या कारकुनाच्या घरी मात्र पुडी, असा हा व्यवहार आहे. व्यापारी ती मिरची गावातच पडेल भावाने उचलतो. गावच्या बचतगटांनी ती योग्य भावाने घेऊन, तालुक्याच्या ठिकाणी कांडपयंत्र बसवून गिऱ्हाइकादेखत कांडून दिली, तर त्यासाठी लागणारे भांडवल मोठे नाही. जिल्हा परिषदांनी पुढच्या तोडणीपूर्वी ते उभे करावे.