सडपातळ देहाचा फसवा दिलासा

‘अंगकाठी बारीक आहे, मग साखर कशाला तपासायची?’ हा प्रश्न आपल्या इंदुरात सुशिक्षित कुटुंबांतूनही विचारला जातो. माझ्या मते हा दिलासा घातक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! वजनकाट्याला हा भेद कळत नाही.

उपाय मात्र आपल्या हाती आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींचा धोका आहार-व्यायामाने २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की, रक्तदाबाच्या यंत्राशेजारी मोजपट्टीही असू द्यावी. कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक भरल्यास, रुग्ण कितीही सडपातळ दिसो, साखर तपासावी. आणि रोजचे चालणे तोंडी उपदेशावर न सोडता औषधाप्रमाणे चिठ्ठीवर लिहून द्यावे. सराफ्यातील खवय्येगिरीचा आनंदही मग अधिक वर्षे घेता येईल.