विश्लेषण : पुस्तकांची पेटी पुन्हा चाळीत आली, तर वाचक सापडतील का?

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. या दोन दिवशी मुंबईतल्या मराठी वाचनालयांत फुलांची रांगोळी असते, दारात ग्रंथदिंडी येते, पाहुणे ‘मोबाइलमुळे वाचन संपले’ असे सांगून जातात. दुसऱ्या दिवशी काउंटरवर पुन्हा तेच पंधरा-वीस ज्येष्ठ सभासद. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात वाचनालयांची कमतरता कधीच नव्हती. तरीही नवा वाचक का येत नाही, आणि त्याला आणण्यासाठी कोणत्या कल्पना खरोखर चालतात?

वाचनालय जागेवर, वाचक कुठे?

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ ची. दादर सार्वजनिक वाचनालय आणि त्याचा धुरू हॉल दादरकरांना वेगळा सांगायला नको. फोर्टात टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून गेले की एशियाटिक सोसायटीचा संग्रह आहे आणि त्याच इमारतीत राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय. इतका साठा हाताशी असलेली शहरे देशात फार नाहीत.

बदलले ते वाचकाचे पत्ते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप फसला, गिरण्या गेल्या आणि गिरणगावातली घरे एकेक करून डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. गिरगावात हेच काम आधी वाढत्या भाड्यांनी आणि नंतर पुनर्विकासाने केले. वाचनालय मात्र जुन्याच नाक्यावर, जुन्याच वेळेत उघडे राहिले. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन तास. चर्चगेटहून सव्वासातची लोकल पकडणाऱ्या माणसाच्या दिवसात ही वेळ बसतच नाही. त्याने वाचनालय सोडले असे म्हणण्यापेक्षा वाचनालयाने त्याचे वेळापत्रक कधी विचारले नाही, असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल.

परळमध्ये हे आधी झाले होते?

झाले होते, आणि आज ज्याला ‘कम्युनिटी आउटरीच’ म्हणतात तो शब्द येण्याच्या खूप आधी. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणी कामगार बारा-बारा तास राबून घरी येणार, तो वाचनालयाची पायरी कशाला चढेल, हा सरळ हिशेब त्यामागे होता. म्हणून लीगने रात्रशाळा काढल्या, मोफत वाचनालये उघडली आणि फिरती ग्रंथालयेही चालवली. म्हणजे पुस्तक वस्तीत गेले, वस्तीला पुस्तकापर्यंत यावे लागले नाही.

त्याच सुमारास बडोद्यात सयाजीराव गायकवाड हेच मोठ्या प्रमाणावर करत होते. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरवणे हा त्याचाच एक भाग.

परळचा आणखी एक धागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. खोलीत माणसेच मावत नव्हती, तिथे अभ्यास कुठे होणार? ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे लक्ष या मुलाकडे गेले. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेसाठीची बैठक भरली ती परळच्याच दामोदर हॉलमध्ये, आणि त्या सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयेही होती.

या गोष्टीतून वाचनालय चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. एक, मुलाला बसायला जागा हवी होती. दोन, तिथे एक माणूस होता, ज्याने त्याला हेरले आणि नेमके पुस्तक हातात ठेवले. आजच्या बहुतेक उपक्रमांत जागा असते, पुस्तकेही असतात. तो माणूस नसतो. महापालिकेने काही उद्यानांत मोफत वाचनालये सुरू केली, कल्पना चांगलीच आहे. पण कपाटाशेजारी केळुसकर नसतील तर त्या कपाटाची रद्दी व्हायला एक पावसाळा पुरतो.

पेटीचे गणित काय सांगते?

फिरत्या पेटीची कल्पना अलीकडे नाशिकमधून पुन्हा वर आली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. एका पेटीत १०० पुस्तके. साधारण ३५ वाचकांचा एक गट. चार महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि दुसरीकडची पेटी इथे येते. पेटीचा खर्च देणगीदार उचलतो, वाचकाकडून वर्गणी नाही. हा उपक्रम महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही गेला.

आता हे लालबागच्या एका चाळीला लावून पाहू. पुस्तकाची सरासरी किंमत २५० रुपये धरली तर पेटी २५ हजारांची. शेजारच्या तीन चाळींनी एकेक पेटी घेतली आणि चार-चार महिन्यांनी फिरवली, तर प्रत्येक चाळीसमोर वर्षाला ३०० पुस्तके येतात आणि खर्च १०० पुस्तकांचाच होतो. पेट्या जितक्या जास्त, तितका हा फायदा वाढतो. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या जमाखर्चात २५ हजार ही रक्कम शोधावी लागेल, इतकी ती लहान आहे.

पण या योजनेचे खरे यंत्र पेटी नव्हे, पेटी सांभाळणारी व्यक्ती आहे. चाळीत तिला सगळे ओळखतात. तीच ‘काकी, तुम्ही मागच्या वेळचं संपवलंत का?’ असे गॅलरीतून विचारू शकते. एखाद्या ॲपच्या नोटिफिकेशनला हे जमत नाही. शिवाय १०० पुस्तकांत निवड करणे सोपे असते. ५० हजारांच्या कपाटासमोर नवखा वाचक गोंधळतो आणि रिकाम्या हाताने परततो.

दादरला रांग लावून पुस्तके कोण घेते?

‘आता कोणी वाचत नाही’ या वाक्याचे उत्तर दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर मिळते. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर विदर्भ, मराठवाड्यासह देशभरातून लाखो लोक येतात आणि मैदानात पुस्तकांचे स्टॉल लागतात. रेल्वेच्या जनरल डब्यातून आलेली माणसे, घरी परतताना, पिशवीत पुस्तके भरून नेतात. यात सवलतीचे कूपन नसते, सेल्फी पॉइंट नसतो. पुस्तक घेणे हा त्या यात्रेचाच भाग झाला आहे. आपल्या आयुष्याशी या पुस्तकाचा संबंध आहे, हे तिथे कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

वाचनालयांच्या सभासद मोहिमेत नेमका हाच दिवस क्वचित दिसतो. दादरच्या वाचनालयांनी या दिवसांत मैदानाजवळ टेबल टाकले, फुले-आंबेडकरी साहित्याचा आपला संग्रह दाखवला आणि मुंबईत राहणाऱ्या तरुणांना तिथेच सभासद करून घेतले, तर वेगळ्या प्रचाराची गरज उरणार नाही. मात्र आपल्या कपाटात त्या पुस्तकांना किती जागा दिली आहे, हे त्यासाठी आधी तपासावे लागेल.

दिवाळी अंकांतून काय शिकता येईल?

वाचनालयांकडे स्वतःची एक यशस्वी योजना आहेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. आज एका अंकाची किंमत तीनशे-चारशेच्या घरात गेली असताना, जवळपास तितक्याच पैशांत दोन-तीन महिने हवे तितके अंक वाचा, अशी योजना अनेक वाचनालये चालवतात. एरवी न फिरकणारी माणसे त्यासाठी येतात. मुदत ठरलेली, रक्कम ठरलेली, अंक आज नेला की उद्या बदलता येतो आणि सगळे एकाच वेळी तेच वाचत असल्याने बोलायला विषय असतो.

मग ही मांडणी वर्षभर का वापरू नये? मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी दोन महिन्यांचे कार्ड. पावसाळ्यात रहस्यकथांचे. नाटक पाहायला शिवाजी मंदिरला आलेल्या प्रेक्षकासाठी नाटकांच्या संहितांचे. आजीवन सभासदत्वाचा फॉर्म पुढे सरकवला की तिशीतला माणूस मागे हटतो. तो स्वतःच्या भाड्याच्या घराबद्दलही अकरा महिन्यांपलीकडे बोलत नाही.

कोणत्या कल्पना टिकत नाहीत?

ज्यांत पुस्तक परत येण्याची आणि बदलण्याची सोय नसते त्या. बसस्टॉपवर, हॉटेलात ठेवलेले ‘घ्या आणि ठेवा’ कपाट सुरुवातीला भरलेले असते. महिन्याभरात चांगली पुस्तके जातात, दहावीची जुनी गाइड उरतात. याउलट डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदान-प्रदानाला गर्दी होते, कारण तिथे देणाऱ्याला बदल्यात लगेच पुस्तक मिळते. भिलारचे ‘पुस्तकांचं गाव’ मे २०१७ पासून टिकून आहे, त्यामागे राज्य मराठी विकास संस्थेसारखी यंत्रणा आणि आपली घरे उघडी ठेवणारे गावकरी आहेत. नुसती रंगवलेली भिंत असती तर पर्यटक फोटो काढून स्ट्रॉबेरी खायला गेले असते.

ग्रंथपालाच्या हातात किती पडते?

सगळ्या कल्पना शेवटी ज्या टेबलावर येतात, तिथे बसणाऱ्याचा हिशेब पाहायलाच हवा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायदा १९६७ चा. त्यानुसार ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग होतात आणि शासन अनुदान देते. २०२२-२३ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ झाली. त्यानंतरही ‘ड’ वर्गाला वर्षाला मिळणारी रक्कम ३० हजारांवरून ४८ हजार झाली. त्यातली निम्मी वेतनासाठी. म्हणजे २४ हजार, महिन्याला दोन हजार रुपये. जिल्हा ‘अ’ वर्गाचे अनुदान ११ लाख ५२ हजारांवर गेले, त्यातले निम्मे म्हणजे महिन्याला ४८ हजार, आणि ते सगळ्या कर्मचाऱ्यांत वाटायचे.

तमिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. मुंबईसारख्या मालमत्तेच्या शहरात या उपकरातून काय उभे राहू शकले असते, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. दोन हजारांत कोणी कपाटे पुसेल, पावती फाडेल. व्हॉट्सॲपवर नव्या पुस्तकांची यादी पाठवणे, शाळेत जाऊन गोष्ट वाचून दाखवणे, नव्या सभासदाची आवड लक्षात ठेवणे, ही अपेक्षा त्याच्याकडून कशी करायची? वाचन चळवळीच्या भाषणांत हा आकडा फारसा ऐकू येत नाही.

पुनर्विकासात वाचनालय कुठे जाते?

गिरगाव-लालबागमध्ये सध्या सर्वात निकडीचा प्रश्न हाच आहे. चाळीच्या तळमजल्यावरचे, रस्त्याला लागून असलेले वाचनालय पुनर्विकासानंतर पोडियमवर, पार्किंगच्या मागे किंवा ‘सोसायटी ऑफिस’च्या एका कोपऱ्यात जाते. मग तिथे जायला सुरक्षारक्षकाच्या वहीत नाव लिहावे लागते. बाहेरचा वाचक येणे तिथेच थांबते. विकास नियंत्रण नियमावलीत फिटनेस सेंटरला चटईक्षेत्राची सवलत आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या तरतुदींत तर युवा केंद्र किंवा ग्रंथालयाचा उल्लेखही आहे. पण रहिवाशांनी मागितले नाही तर विकासक स्वतःहून कशाला देईल?

ज्या चाळीत आज वाचनालय किंवा अभ्यासिका आहे, तिथल्या समितीने करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घेता येतील : सध्याइतके किंवा जास्त चटईक्षेत्र, तळमजला, रस्त्याकडून स्वतंत्र दार आणि बांधकामाच्या काळात पुस्तके ठेवण्यासाठी भाड्याची जागा. शेवटचा मुद्दा सर्वात आधी विसरला जातो. रहिवाशांना संक्रमण शिबिर किंवा भाडे मिळते, पुस्तके मात्र गोणीत भरून कोणाच्या तरी माळ्यावर जातात आणि टॉवर उभा राहीपर्यंत त्या गोण्या कोणाच्या होत्या हे सांगणारेही उरत नाहीत.