अलींचा परवाना

मुहम्मद अली हे नाव निघाले की आपल्याकडे एक ठरलेली कथा सांगितली जाते. केंटकीचा एक काळा मुलगा इस्लाम स्वीकारतो, व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार देतो, किताब गमावतो आणि पुन्हा मिळवतो. जुम्म्याच्या बयानातही मी ती ऐकली आहे. या कथेत अमेरिकन सरकार म्हणजे एक मोठा, बिनचेहऱ्याचा जालीम. मला त्या कथेतला चेहरा दाखवायचा आहे. तो व्हाइट हाउसमधला नाही, एका राज्याच्या कचेरीतला आहे.

अमेरिकेत बॉक्सिंगवर देखरेख राज्य सरकारांची असते. बहुतेक राज्यांत त्यासाठी अ‍ॅथलेटिक कमिशन असते. न्यूयॉर्कने १९२० साली कायदा करून हा खेळ आपल्या ताब्यात घेतला, नेवाडाचे कमिशन १९४१ सालचे. त्यांचे काम वाचायला रुक्ष आहे. खेळाडूला परवाना देणे, वजन करणे, पंच नेमणे, रिंगजवळ डॉक्टर बसवणे, जबर मार खाल्लेल्याला काही काळ लढू न देणे. मला हे काम फार मोलाचे वाटते. ज्या खेळात समोरच्याला बेशुद्ध पाडणे हाच विजय असतो, तिथे ‘पुरे’ म्हणणारा कोणी तरी हवाच. आपल्या जत्रेतल्या कुस्तीत हे काम वस्तादाच्या नजरेवर चालत आले. ती नजर चांगली असेलही, पण तिची नोंद कुठे राहत नाही. म्हणून सरकारी कमिशन असावे की नसावे, हा माझा वाद नाही.

वाद पुढे आहे. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये अलींनी सैन्यभरतीला नकार दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या कमिशनने त्यांचा परवाना निलंबित केला आणि किताबाची मान्यता काढून घेतली. दुसऱ्या राज्यांनीही तोच कित्ता गिरवला. तेव्हा त्यांच्यावर आरोपपत्रही दाखल झालेले नव्हते. ते मे महिन्यात आले आणि शिक्षा झाली २० जूनला. म्हणजे न्यायालयाच्या आधी खेळखात्याने निकाल दिला. अली २५ वर्षांचे होते, २९ लढती खेळून एकही हरले नव्हते. त्यांच्या शरीरात काही दोष होता का? वजन चुकले होते का? नाही. त्यांचे मत चुकले होते.

इलिनॉयच्या कमिशनने तर वर्षभर आधीच हा रस्ता दाखवला होता. १९६६ मध्ये व्हिएतनामबद्दल बोलल्यावर अलींना बोलावून घेतले, माफीची अपेक्षा केली, ती मिळाली नाही, आणि शिकागोची लढत गेली. गुद्दे मोजायला नेमलेले लोक शब्द मोजू लागले.

कायदा मोडला तर शिक्षा नको का, असे कोणी विचारील. याचे उत्तर न्यूयॉर्कच्याच दफ्तरात होते. अलींच्या वतीने एनएएसीपी लीगल डिफेन्स फंडाचे वकील कोर्टात गेले आणि कमिशनच्या जुन्या फायली उघडल्या. गुन्हे सिद्ध झालेल्यांना परवाना दिल्याची किमान २४४ उदाहरणे निघाली. त्यांत खून, बलात्कार, दरोडा होता आणि सैन्यातून पळून जाणेही होते. रॉकी ग्राझियानोने सैन्यात अधिकाऱ्यावर हात उचलला होता, तुरुंग भोगला होता. सुटल्यावर तो न्यूयॉर्कमध्येच लढून मोठा झाला. सप्टेंबर १९७० मध्ये न्यायाधीश वॉल्टर मॅन्सफील्ड यांनी अलींना परवाना नाकारणे मनमानी ठरवले. पुढे जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षाच रद्द केली, तीही एकमताने. पण तोवर खेळाडूच्या आयुष्यातली सर्वांत चांगली साडेतीन वर्षे गेली होती. ती कोणत्या खात्याने भरून दिली? आणि गंमत बघा, ऑक्टोबर १९७० मधली त्यांची पुनरागमनाची लढत अटलांटात झाली, कारण जॉर्जियात राज्याचे कमिशनच नव्हते.

आता १९८० मध्ये या. अली ३८ वर्षांचे, दोन वर्षे खेळापासून दूर, बोलणे जड झालेले. त्यांचे डॉक्टर फर्डी पाचेको ‘आता थांबा’ म्हणून थकले आणि १९७७ मध्येच सोडून गेले होते. लॅरी होम्सशी लढत लास व्हेगासला ठरली. परवाना देण्याआधी नेवाडाच्या कमिशनपुढे मेयो क्लिनिकचा अहवाल होता. बोट नाकाला नेमके लागत नाही, एका पायावर उडी अपेक्षेइतकी चपळ नाही, बोलण्यात किंचित अडचण, अशा नोंदी त्यात होत्या. लढायला मनाई करावी असे काही नाही, असाही शेरा होता. कमिशनला तेवढा शेरा पुरला. २ ऑक्टोबरला अली दहा फेऱ्या मार खात राहिले, आणि लढत थांबवली ती त्यांच्याच कोपऱ्यातल्या अँजेलो डंडीने. १९८४ मध्ये पार्किन्सनची लक्षणे जाहीर झाली. ती या एकाच रात्रीने आली असे मी म्हणत नाही. पण धडधाकट माणसाला न्यूयॉर्कने रोखले आणि अडखळणाऱ्या माणसाला नेवाडाने रिंगमध्ये जाऊ दिले. राज्ये वेगळी, काळ वेगळा, मंडळाचे नाव तेच. एका वेळी देशभक्तीचा दबाव होता, दुसऱ्या वेळी तिकिटांचा.

आपल्या तरुणांशीही मला थोडे भांडायचे आहे. खबीब नूरमागोमेदोवला नेवाडाने पाच लाख डॉलर दंड आणि नऊ महिने बंदी केली, ती तो मुसलमान म्हणून, असे सांगणारे मला भेटतात. मॅकग्रेगरने त्याच्या वडिलांबद्दल, धर्माबद्दल घाणेरडे बोलावे हे संतापजनकच होते. पण ६ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लढत जिंकल्यावर खबीबने जाळीवरून उडी मारली आणि समोरच्या गोटातल्या माणसावर धावून गेला. मॅकग्रेगरलाही दंड आणि बंदी झाली, कमी झाली. रक्कम जास्त होती की नाही यावर बोला, शिव्यांची दखल कमिशनने का घेतली नाही हेही विचारा. मात्र ती शिक्षा एका कृतीला होती. अलींनी रिंगमध्ये कुठलाच नियम मोडला नव्हता. ही दोन प्रकरणे एका पोत्यात भरली की अलींवरचा अन्याय हलका होतो, आणि समोरच्याला ‘तुमची तक्रार नेहमीचीच’ म्हणायची सोय होते.

न्यूयॉर्कच्या त्या २४४ फायलींत एकाचाही परवाना युद्धाबद्दलच्या मतासाठी अडला नव्हता. अलींचा अडला.