आकाशात दोन तास, जमिनीवर अर्धा दिवस!

सातपूर : ओझरचे विमानतळ ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे ९९० किलोमीटर. जेट विमानाला त्यासाठी साधारण दोन तास पुरतात. मुंबई-दिल्ली अंतर सुमारे ११४० किलोमीटर. म्हणजे मुंबईऐवजी ओझरहून निघाल्यास अंतर दीडशे किलोमीटरने कमी होते, पण उड्डाणाच्या वेळेत जेमतेम दहा-बारा मिनिटांचा फरक पडतो. तरीही सातपूरच्या उद्योजकांना ओझरची विमानसेवा महत्त्वाची वाटते, ती का? या प्रश्नाचे उत्तर आकाशात नव्हे, रस्त्यावर आहे.

घर ते मुक्काम

सातपूर औद्योगिक वसाहतीतून मुंबई विमानतळ सुमारे १६५ किलोमीटरवर आहे. कसारा घाट, भिवंडी-ठाण्याची कोंडी आणि शहरातील वाहतूक गृहीत धरून प्रवासी चार तास हाताशी ठेवतो. त्यात विमानतळावरील दोन तास आणि उड्डाणाचे सव्वादोन तास मिळविले, तर दिल्लीत उतरेपर्यंत आठ तास उलटतात. उलट आग्रा रस्त्यावरील ओझर सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. तेथून हाच प्रवास साडेचार-पाच तासांत आटोपतो.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि घाटातील वेळ वाचू लागला. मात्र आमणेनंतरची कोंडी कायम असल्याने हा हिशेब फारसा बदललेला नाही.

सातत्याचा अभाव

ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सची (एचएएल) धावपट्टी आहे. स्वतंत्र प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये उभे राहिले. ‘उडान’ योजनेतून डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईसाठी छोटे विमान सुरू झाले. पण अवघ्या १६० किलोमीटरच्या हवाई अंतरासाठी दोन्ही विमानतळांवर वेळ घालविणे व्यवहार्य नव्हते. ती सेवा टिकली नाही. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्लीची सेवा सुरू केली. एप्रिल २०१९ मध्ये या कंपनीची सर्वच उड्डाणे थांबली. मार्च २०२३ मध्ये इंडिगो ओझरला आली आणि पुढे दिल्ली, बंगळूर ही शहरे जोडली गेली.

सुरू झालेली सेवा टिकेल याची खात्री नसेल, तर कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांचे दौरे मुंबईमार्गेच आखतात. त्यामुळे प्रवासी घटतात, आणि प्रवासी नाहीत म्हणून सेवा बंद होते. हे दुष्टचक्र नाशिककरांच्या परिचयाचे आहे.

वेळापत्रकच निर्णायक

येथे वेळापत्रकाचा मुद्दा कळीचा ठरतो. दिवसाला एकच विमान असेल आणि ते दुपारी सुटत असेल, तर वाचलेले तीन तास मुक्कामाच्या रात्रीत वाया जातात. सकाळी जाऊन रात्री परतण्याची सोय झाली, तरच हजार किलोमीटरचे अंतर खऱ्या अर्थाने दोन तासांचे होईल. परदेशी जाणाऱ्यांनाही दिल्लीतील पुढचे विमान गाठता येईल अशा वेळा हव्यात.

२०२७ च्या सिंहस्थानिमित्त ओझरच्या विस्ताराची चर्चा जोरात आहे. पर्वकाळातील गर्दी काही महिन्यांत ओसरेल. सातपूर-अंबडची गरज मात्र बारमाही आहे. त्यामुळे लोकप्रतिनिधी आणि औद्योगिक संघटनांनी नव्या शहरांची यादी वाढविण्याऐवजी आहे त्या सेवेच्या वेळा आणि सातत्य यांसाठी आग्रह धरणे अधिक हिताचे ठरेल.