डुलता पाट



नाताळच्या सुट्टीत मी सुरतेस ताईकडे गेलो होतो. उधन्यात, यंत्रमागांच्या एका लहानशा कारखान्याच्या भिंतीस भिंत लावून तिचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे. दारात पाऊल टाकताच घरात काही तरी बिनसले असल्याचे माझ्या ध्यानी आले. भावोजी पाठ फिरवून बसलेले, ताई मुकाट्याने साडीवर खडे चिकटवीत असलेली, आणि आठवीतला माझा भाचा कोपऱ्यात मान खाली घालून उभा. मध्यभागी जमिनीवर ताईचा मोबाईल होता. त्याची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तडकली होती.

ह्या घरात दिवसा वापरावयास तो एकच मोबाईल. व्यापारी साड्यांच्या नक्षीची छायाचित्रे त्याच्यावरच पाठवितो, आणि कोणता खडा कोठे लावावयाचा हे ताई त्यातच पाहते. तेव्हा भावोजींचा संताप अवास्तव होता, असे मी म्हणणार नाही.

अपराध असा होता. चिरंजीवांनी खेळण्यातील ठोकळे एकमेकांत बसवून एक डुलता पाट तयार केला होता. मोडक्या मोटारगाडीतील विजेची मोटर, चार दंतचक्रे आणि एक भुजा, एवढ्यावर तो पाट मागेपुढे सरके. त्याच्यावर मोबाईल ठेवून पाट सेकंदाला किती हेलकावे घेतो, हे तो मोजत होता. मोटर वेगात येताच मोबाईल घसरला आणि टेबलावरून थेट फरशीवर आला.

“मामा, मी खेळत नव्हतो,” तो हळूच म्हणाला. “मला भूकंप पाहायचा होता.”

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाची हकीकत त्याने वडिलांच्याच तोंडून ऐकली होती. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या सुरतेतही त्या दिवशी इमारती पडल्या व माणसे दगावली. मग बैठी घरे उभी राहिली असता काही उंच इमारती तेवढ्याच का कोसळल्या, हा त्याचा प्रश्न. बांधकामातील दोष हे एक कारण झालेच. परंतु दुसरेही एक आहे, आणि ते ह्या मुलाने पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांवर शोधून काढले.

एक पट्टी लांब, एक आखूड. दोन्ही पाटावर उभ्या रोवलेल्या, आणि दोहोंच्या माथ्यावर एकेक ठोकळा. पाट सावकाश डुलू लागला की लांब पट्टी वेड्यासारखी झुलते व आखूड जवळजवळ स्तब्ध राहते. वेग वाढवीत गेले की एका ठिकाणी आखूड पट्टी झुलू लागते, आणि लांबीचा माथा मात्र शांत होतो! प्रत्येक वस्तूची डुलण्याची एक स्वतःची गती असते. धक्के त्या गतीने आले की ती वस्तू भान हरपते. जोराने हलविले की उंच आधी पडणार, अशी भाच्याची खात्री होती. पट्ट्यांनी ती खोटी ठरविली.

पण हे सारे डोळ्यांना दिसत असताना मोबाईल कशास हवा, असे भावोजींनी विचारले. प्रश्न रास्त होता. ‘सावकाश’ म्हणजे किती, हे डोळा सांगत नाही. मोबाईलच्या पोटात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा लवचिक पट्ट्यांवर अधांतरी असतो. मोबाईल हलला की तो किंचित मागे राहतो; त्याचे शेजारच्या दात्यांपासूनचे अंतर बदलते, आणि त्या बदलाने विजेच्या साठ्यात पडणारा फरक मोजून हालचाल किती झाली ते कळते. मोबाईल आडवा धरताच चित्र आडवे होते, ते ह्याच तुकड्यामुळे. अँड्रॉइड मोबाईलवर २०२३ पासून भारतात मिळणारी भूकंपाची सूचना देखील अशाच लक्षावधी तुकड्यांच्या साक्षीवर उभी आहे. ह्या साक्षीचा आलेख काढणारे ‘फायफॉक्स’ नावाचे ॲप जर्मनीतील आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने २०१६ साली फुकट उपलब्ध केले, आणि भाच्याने तेच घेतले होते.

मोठ्या माणसांनीही असे उद्योग केले आहेत. २०१४ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे लेगोच्या ठोकळ्यांच्या एका यंत्राने रूबिकचा घन ३.२५३ सेकंदांत सोडविला. त्या यंत्राचा डोळा व मेंदू म्हणजे एक मोबाईलच होता. लेगोचे मोटर असलेले संच आपल्या खिशाला परवडणारे नव्हेत, हे खरे. परंतु अरविंद गुप्तांनी होशंगाबादेत, आणि पुढे पुण्याच्या आयुकेत, आगकाड्या व सायकलची व्हॉल्व्हट्यूब ह्यांतून काय काय उभे करता येते ते दाखविलेच आहे.

मला सर्वांत आवडली ती निराळीच गोष्ट. मोबाईल काढून ठेवला की पाट अधिक जलद चालतो, हे भाच्याच्या लक्षात आले. कारण मोबाईलचे वजन मोटरीला ओढावे लागत होते. म्हणजे मोजणाराच मोजमाप बिघडवीत होता! तेव्हा त्याने वाण्याकडे जाऊन मोबाईलच्या भारंभार तुरीची डाळ तोलून आणली, आणि मोबाईल नसेल तेव्हा डाळीची पुरचुंडी पाटावर बांधू लागला. ही युक्ती त्याला कोणी शिकविली नव्हती.

अखेर तोडगा काढला तो ताईने. मोबाईल दुपारी दोन ते तीन मिळेल. पाट टेबलावर नव्हे, जमिनीवर मांडावयाचा, आणि भोवती गोधडी पसरावयाची. मोबाईलला दोन रबरी पट्टे हवेतच. (होकायंत्राचे प्रयोग करावयाचे असतील तर मोटर दूर ठेवावी, अशी भर मी घातली, तिच्यातील लोहचुंबक मोबाईलची दिशाभूल करतात.) काचेचे पैसे कोणी द्यावयाचे ह्यावर बरीच घासाघीस झाली. निम्मे मी दिले, आणि उरलेल्यासाठी भाचा रोज संध्याकाळी आईबरोबर खडे लावील असे ठरले. भावोजी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ते रात्रपाळीची झोप अर्धवट सोडून उठले. शेजारच्या कारखान्यात तेव्हा एकच माग चालू होता. भावोजींनी भिंतीस कान लावला आणि म्हणाले, “मिनिटाला एकशे तीस. तुझं यंत्र काय म्हणतं?”

भाच्याने मोबाईल भिंतीलगत फरशीवर ठेवला. आलेखात एक शिखर उभे राहिले : सेकंदाला २.२. त्याने बोटांवर हिशेब केला.

“पप्पा, एकशे बत्तीस.”

“मग दोनाने तुझा मोबाईल चुकला,” भावोजी म्हणाले, आणि पुन्हा पांघरूण ओढून निजले.