लायटिंग झकास, एसएमपीएसच्या नावानं बोंब!

‘आय सेव्हन आहे ना?’ गेमिंग पीसीचा विषय निघाला की कट्ट्यावर पहिला प्रश्न हाच. दुसरा, ‘ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं?’ आणि तिसरा, ‘आरजीबी लाइट्स आहेत का?’ बजेट टाइट असेल, तर हे तिन्ही प्रश्न बाजूला ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते फक्त विकणाऱ्याच्या सोयीचे आहेत.

आय सेव्हनचंच बघा ना. २०१३ चा आय सेव्हन-४७७० आणि २०२२ चा आय थ्री-१२१००, दोघांनाही चारच कोअर. पण गेममध्ये नवा आय थ्री त्या जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. तरी ऑफिसातून निघालेले जुने पीसी ‘आय सेव्हन गेमिंग’ म्हणून खपवले जातात. त्या प्रोसेसरला विंडोज ११ चा अधिकृत सपोर्टही नाही. जीबीचंही तसंच. जीटी ७३० चार जीबीत मिळतं आणि जीटीएक्स १६५० सुद्धा. दोघांच्या ताकदीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक! जीबी म्हणजे कार्डची मेमरी, ताकद नव्हे.

मग सुरुवात कुठून करायची? तुम्ही खेळता काय, इथून. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्याला सायबरपंक २०७७ साठी लागणारं कार्ड कशाला हवं? मग मॉनिटर बघा. तो ६० हर्ट्झचा असेल, तर कार्डनं सेकंदाला १४० फ्रेम्स दिल्या तरी दिसणार ६०च. गेम आणि मॉनिटर ठरले की कार्ड ठरतं आणि कार्डला साजेसा प्रोसेसर. रॅम १६ जीबीची एकच स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, ड्युअल चॅनलचा फायदा मिळतो.

आता मुद्द्याचं. पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कात्री लागते ती एसएमपीएसला. कॅबिनेटच्या आत लपलेला डबा, कोण बघतंय? पण अख्ख्या पीसीला वीज तोच पुरवतो. स्वस्त, बिननावाच्या डब्यावर ५०० वॅट छापलेलं असलं, तरी लोड आल्यावर तो तेवढं देईलच याचा भरवसा नसतो. आणि जाताना तो मदरबोर्ड, कार्डही सोबत घेऊन जाऊ शकतो. ‘८० प्लस’चा शिक्का बघा, पण तो कमी वीज वाया जाण्याचा आहे, सुरक्षेची हमी नाही. त्यामुळे त्या मॉडेलचे रिव्ह्यू वाचा, वॉरंटी किती वर्षांची ते विचारा. काटकसर करायचीच, तर लाइट्समध्ये करा, काचेच्या कॅबिनेटमध्ये करा.

लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन घ्या, पक्कं बिल घ्याच. ‘बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल’ हे ऐकायला गोड वाटतं, पण सहा महिन्यांनी कार्ड बंद पडलं, की वॉरंटीसाठी कोणता कागद दाखवणार?

घरचे या पीसीसाठी बहुतेक एकदाच पैसे देणार आहेत. गेमसोबत प्रोजेक्ट, एडिटिंग, कोडिंग सगळं डिग्री संपेपर्यंत त्याच्यावरच करायचंय. लाइट्स काय, पुढच्या वर्षीच्या पॉकेटमनीतूनही लावता येतील. चांगला एसएमपीएस मात्र पहिल्याच दिवशी बसवा.